मधुमेही प्रवाशाचे घड्याळ

मधुमेह हा बहुतेक दीर्घ आजारांपेक्षा वेगळा आजार आहे, कारण त्याचा रोजचा सांभाळ रुग्णालयापेक्षा स्वयंपाकघरात, जेवणाच्या वेळांत आणि अंगमेहनतीच्या प्रमाणात होतो. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन पुरेसे मिळेनासे झाले, किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की रक्तातील साखर पेशींपर्यंत न पोहोचता रक्तातच साचत राहते. ती आटोक्यात ठेवायची तर अन्न, औषध आणि हालचाल या तिन्हींचा मेळ दिवसातून अनेकदा नव्याने घालावा लागतो. घरात वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेला हा मेळ लांबच्या प्रवासात एका दिवसात मोडतो, आणि तो पुन्हा बसवण्याचे काम रुग्णाइतकेच त्याच्या सोबत्यांवर येऊन पडते. त्यामुळे मधुमेही माणसाच्या प्रवासाच्या इतिहासात औषधांच्या जोडीने सोबतीचाही इतिहास येतो. वाटेत थांबण्यावरून, खाण्यावरून आणि पथ्यावरून कुटुंबांत जे तंटे होतात त्यांचा दोष बहुधा कुणाच्या तरी हट्टी स्वभावावर टाकला जातो. पण हा इतिहास बारकाईने पाहिल्यास त्यांतले अनेक तंटे त्या त्या काळच्या उपचारपद्धतीने घडवलेले दिसतात.

प्राचीन भारतीय वैद्यकाने या आजाराचा प्रवासाशी जोडलेला संबंध आजच्या उलट होता. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे लघवीचे प्रमाण व स्वरूप बिघडवणाऱ्या विकारसमूहाची, कारणे सांगताना सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख येतो. मधुमेह हा याच समूहातील एक प्रकार मानला जाई. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे दोन वर्ग केले : जन्मतःच येणारा, ज्यात रुग्ण कृश असतो, आणि अपथ्यामुळे होणारा, ज्यात तो बहुधा स्थूल असतो. आधुनिक वैद्यकातील पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी ही विभागणी तंतोतंत जुळते असे म्हणणे धाडसाचे ठरेल, तरी निरीक्षण म्हणून तिचे मोल मोठे आहे. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात निर्धन किंवा आप्तहीन रुग्णासाठी सांगितलेला उपाय असा की त्याने पायांत पादत्राण व डोक्यावर छत्र न घेता, भिक्षेवर राहून, एका गावात एकाच रात्रीपुरता मुक्काम करत, मुनीसारख्या संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. योजन या मापाची लांबी ग्रंथागणिक बदलते, पण ते बारा-तेरा किलोमीटरचे धरले तरी हे अंतर बाराशे किलोमीटरांच्या पुढे जाते.

या विधानात चालण्याइतकेच आप्तहीनतेला महत्त्व आहे. धन आणि आप्त असलेल्याची शुश्रूषा घरी होई; ज्याच्याजवळ यांपैकी काही नाही त्याला रस्ताच औषध म्हणून दिला जाई, आणि भिक्षेमुळे त्याच्या अन्नाचे प्रमाण आपोआप कमी राही. म्हणजे प्रवास हा उपचार ठरला तो चालणारा माणूस एकटा, अल्पाहारी आणि श्रम करणारा होता म्हणून. आज याच रोगाचा माणूस कुटुंबासह, भरल्या डब्यांसह आणि आठ-दहा तास एका जागी बसून प्रवास करतो. चरकाने सांगितलेली रोगाची कारणे आणि आजच्या प्रवासाची रीत यांत किती साम्य आहे, हे वेगळे सांगायला नको.

मधल्या शतकांत महाराष्ट्रात लांबचा प्रवास म्हणजे मुख्यतः यात्रा, आणि यात्रेची शिदोरी टिकाऊपणाच्या हिशेबाने बांधली जाई. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, गुळपापडीच्या वड्या, लाडू, सातूचे पीठ आणि फिरकीच्या तांब्यातले पाणी हा तिचा साधारण ऐवज. चालणाऱ्या किंवा बैलगाडीतून हिसके खात जाणाऱ्या माणसाला या पदार्थांतली साखर व पिष्ट वाटेतच खर्ची पडत असल्यामुळे फारसे बाधत नसे. पुढे वाहने बदलली तरी शिदोरी मात्र जुनीच राहिली, आणि ती प्रेमाने बांधणाऱ्या हातांशी तिचे नाते इतके घट्ट होते की तिला नकार देणे म्हणजे त्या हातांना नकार देणे असे समजले जाई.

इन्शुलिन हाती येण्यापूर्वी वैद्याजवळ आणि डॉक्टरजवळही आहार बदलण्यापलीकडे फारसे काही नव्हते. लोकमान्य टिळकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांना मधुमेहाचा विकार होता, आणि १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईहून साबरमती, तेथून समुद्रमार्गे रंगून आणि पुढे मंडाले असा लांबचा, सक्तीचा प्रवास त्यांना घडला. मधुमेही माणसाला आपले पथ्य राखण्यासाठी जे घर, जे ओळखीचे हात आणि जी ठरलेली वेळ लागते, ते सर्व या प्रवासात मागे राहिले. कुटुंबाशी संबंध उरला तो मोजक्या पत्रांपुरता, आणि १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्या तेव्हाही ते मंडालेतच होते. अशा स्थितीत या रोगासह सहा वर्षे काढून १९१४ साली परतलेल्या टिळकांनी पुढे देशभर दौरे केले आणि १९१८-१९ मध्ये इंग्लंडची वारीही केली. त्यांच्या राजकीय चरित्रात हा शरीराचा भाग सहसा दोन ओळींत आटोपला जातो, तो अधिक विस्ताराने लिहिला जायला हवा.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले आणि या रोगाच्या इतिहासाची दिशा पालटली. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जे. जे. आर. मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांच्या या कामासाठी बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पहिल्या वर्षातला सर्वांत प्रसिद्ध रुग्णप्रवास एलिझाबेथ ह्यूज हिचा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची ही मुलगी फ्रेडरिक ॲलन यांच्या उपासमारीच्या उपचारावर, म्हणजे अन्न जीव जेमतेम तगेल इतके कमी करून रोग लांबवण्याच्या पद्धतीवर, तीन वर्षे काढून ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला आली तेव्हा तिचे वजन सुमारे वीस किलो उरले होते. त्याआधी थंडीपासून दूर राहावी म्हणून तिला बर्म्युडाला पाठवण्यात आले, तेही परिचारिकेच्या सोबतीने. तिथे प्रत्येक घास तोलून देणे हे परिचारिकेचे काम होते, आणि मुलीची खबर आईवडिलांना पत्रांतून कळे. इन्शुलिनने ती वाचली, शिकली, संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. मात्र आपला आजार तिने जन्मभर बहुतेकांपासून लपवला. मोजून मिळणारे अन्न आणि सतत पहारा यांत ज्याचे बालपण गेले, त्याने पुढे पहारेकऱ्यांची संख्या शक्य तितकी कमी ठेवावी हे समजण्यासारखे आहे.

त्याच सुमारास रॉबिन लॉरेन्स हा तरुण स्कॉटिश डॉक्टर, आता फार दिवस उरले नाहीत या समजुतीने, कुटुंबाला आपले मरण पाहावे लागू नये म्हणून इटलीतील फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिला होता. मे १९२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील सहकाऱ्याने इन्शुलिन मिळाल्याची व ते गुणकारी असल्याची खबर पाठवली, आणि तो खालावलेल्या प्रकृतीने युरोप ओलांडून लंडनला परतला. इन्शुलिनवर बरा होऊन त्याने उरलेले आयुष्य मधुमेह्यांच्या उपचाराला वाहिले, आणि १९३४ साली लेखक एच. जी. वेल्स यांच्या साहाय्याने मधुमेह्यांची संघटना उभारली. वेल्स स्वतःही मधुमेही होते. भारतात अशी संस्था १९५५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. लॉरेन्सने आहाराची केलेली मांडणी प्रवाशाच्या दृष्टीने विशेष उपयोगी ठरली. ठरावीक पदार्थांची यादी देण्याऐवजी त्याने पिष्टमय अन्नाचे दहा-दहा ग्रॅमचे सारख्या मोलाचे वाटे पाडले, त्यामुळे एका पदार्थाच्या जागी दुसरा घेता येऊ लागला आणि परक्या घरी किंवा खाणावळीत बसलेल्या रुग्णालाही आपला हिशेब आपण करता येऊ लागला.

तरीही १९२० ते १९६० या काळातील मधुमेह्याचे प्रवासी सामान आज अवजड वाटेल. काचेची सिरिंज, पुन्हापुन्हा वापरायच्या आणि दगडावर घासून धार लावायच्या सुया, त्या उकळण्यासाठी भांडे, उकळणे जमले नाही तर बुडवून ठेवण्यासाठी स्पिरिट, आणि लघवी तपासण्यासाठी बेनेडिक्टचे निळे द्रावण, परीक्षानळी व स्पिरिटचा दिवा. द्रावणात लघवीचे आठ थेंब घालून ते तापवले की साखरेच्या प्रमाणानुसार निळ्याचा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल रंग होई. हा प्रयोग घराच्या मोरीत कुणाच्या नजरेस पडत नसे, पण धर्मशाळेत किंवा नातलगांच्या घरी तो लपवणे कठीण होते. १९४० च्या दशकात आलेल्या क्लिनिटेस्ट गोळ्या पाणी मिसळलेल्या लघवीत पडताच स्वतःच उष्णता निर्माण करत, त्यामुळे दिव्याची गरज संपली. वैद्यकाच्या इतिहासात ही सुधारणा किरकोळ मानली जाते, पण घराबाहेर पडणाऱ्या माणसासाठी ती मोठी होती.

कौटुंबिक तणावाच्या दृष्टीने मात्र निर्णायक टप्पा १९३६ हा आहे. सुरुवातीचे इन्शुलिन काही तासच टिके आणि दिवसातून अनेकदा टोचावे लागे. डेन्मार्कमधील हागेडोर्न यांनी त्याला प्रोटामिन या प्रथिनाची जोड देऊन त्याचे शोषण मंद केले. पुढे १९४० च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेतून एनपीएच नावाचे मध्यम कालावधीचे इन्शुलिन आले आणि दिवसाला एक-दोन टोचण्यांवर भागू लागले. हे वरदानच होते, पण त्यासोबत एक बंधनही आले. सकाळी टोचलेले मंद इन्शुलिन दुपारी ठरावीक काळात जोर धरते, आणि त्या वेळी पोटात अन्न नसेल तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आधी खाल्लेल्याला औषध पुरे पडावे ही चिंता होती. आता टोचलेल्या औषधाला अन्न पुरे पडावे ही चिंता सुरू झाली. १९५० च्या दशकात आलेल्या गोळ्यांपैकी काहींनी, विशेषतः स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास भाग पाडणाऱ्या सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्यांनी, हीच अट इन्शुलिन न घेणाऱ्या असंख्य रुग्णांनाही लावली.

अशा रीतीने एका व्यक्तीच्या शरीरातले घड्याळ संपूर्ण गाडीचे घड्याळ झाले. दुपारी एकला जेवण म्हणजे एकलाच. पुढच्या गावातला चांगला खानावळवाला, देवळातली महापूजा, नातलगांनी खोळंबून ठेवलेली पंगत, यांपैकी कशासाठीही ते पुढे ढकलणे परवडत नसे. रुग्णाला आपल्यामुळे सर्वांना थांबावे लागते याची लाज, चालवणाऱ्याला अंतर कापण्याची घाई, मुलांना भूक नसताना जेवायला लागण्याचा कंटाळा आणि या सर्वांत औषधाची वेळ ध्यानात ठेवणाऱ्या बायकोच्या किंवा सुनेच्या डोक्यावरचा भार, असे या तणावाचे घटक असत. त्यात साखर उतरण्याची लक्षणे आणखी भर घालतात. घाम, थरथर आणि धडधड ही बाहेरची चिन्हे. पण मेंदूला ग्लुकोज अपुरे पडू लागताच माणूस चिडचिडा होतो, तर्काला धरून बोलेनासा होतो आणि साखर पुढे केली तरी ती हट्टाने नाकारू शकतो. वीस वर्षे सोबत राहिलेल्या माणसालाही हा रोगाचा क्षण आणि स्वभावाचा क्षण वेगळे ओळखता येतातच असे नाही. प्रवासातील कित्येक कटू भांडणांचा उगम अशा अर्ध्या तासात असावा, आणि ती भांडणे दोन्ही बाजूंच्या आठवणीत अपमान म्हणून राहिली असावीत, ही या इतिहासातली दुःखद बाजू आहे.

महाराष्ट्रात हे सर्व एसटीच्या काळाशी जुळून आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खेड्यापाड्यांतली कुटुंबे बैलगाडीऐवजी बसने देवदर्शनाला व लग्नकार्यांना जाऊ लागली. बसमध्ये थांबा चालक-वाहक ठरवत आणि तेथे मिळे ते चहा, भजी, वडापाव किंवा बिस्किटे. यात्रेत पेढा व साखरफुटाण्यांचा प्रसाद नाकारणे अभद्र मानले जाई, आणि एकादशीच्या उपवासात साबुदाण्याची खिचडी व रताळी, म्हणजे रक्तशर्करा झपाट्याने चढवणारे पिष्ट, पथ्यकर समजले जाई. उपवास, प्रसाद आणि पथ्य यांत कोणाचे ऐकायचे हा प्रश्न सासू-सुनांत, भावाभावांत आणि कित्येकदा रुग्णाच्या स्वतःच्या मनात लढला गेला. देवाचा प्रसाद बाधत नाही असे श्रद्धेने म्हणणारी आजी आणि वाटी हिसकावून घेणारा शिकलेला नातू, दोघांचाही हेतू जिवलगाचे भले हाच असे.

स्त्री रुग्णांची स्थिती याहून कठीण होती आणि अजूनही आहे. घरात शेवटी जेवण्याची रीत मंद इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला सरळ धोक्यात टाकते. प्रवासात तर दुसरा पेच उभा राहतो. साखर चढलेली असताना मूत्रपिंडे जादा साखर पाण्यासह बाहेर टाकतात, म्हणून वारंवार लघवीला जावे लागते, आणि आपल्या रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे दीर्घकाळ जवळजवळ नव्हती. परिणामी असंख्य स्त्रियांनी प्रवासाच्या दिवशी पाणीच कमी प्यायचे ठरवले, ज्याने चढलेली साखर आणखी घट्ट होते व मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट मिळते. सारखे कशाला थांबायचे, या वाक्याने गाडीत जी नाराजी व्यक्त होते तिचे ओझे बहुतेक वेळा रुग्ण स्त्रीनेच मुकाट्याने उचलले. २०११ च्या सुमारास मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी मोफत व सुरक्षित मुतारीच्या हक्कासाठी चळवळ सुरू केली तेव्हा हा विषय उघडपणे सार्वजनिक झाला. मधुमेहाच्या इतिहासकारांनी या चळवळीची नोंद आपल्याच विषयाचा भाग म्हणून घ्यायला हवी.

भारतीय रस्त्यावरचा आणखी एक जुना शत्रू म्हणजे ऊन. न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, आणि वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर घरातल्या सावलीत टिकते. पण उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमान इतके वाढते की औषध दिसायला तसेच राहून निकामी होऊ शकते. बर्फाला थेट चिकटून ते गोठले तरी वायाच जाते, म्हणून थर्मासमध्येही कुपी कापडात गुंडाळून ठेवावी लागते. फ्रिज नसलेल्या घरांत पाण्याच्या मडक्याजवळ, ओल्या फडक्यात किंवा ओल्या वाळूतल्या मातीच्या भांड्यात इन्शुलिन ठेवण्याची रीत रूढ झाली. बाष्पीभवनाने येणारा हा गारवा परिणामकारक असतो, आणि आज परदेशी प्रवासी वापरतात त्या पाण्यात भिजवायच्या पिशव्याही त्याच तत्त्वावर चालतात.

मुलेबाळे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर मराठी आईवडिलांच्या प्रवासाचा पल्ला वाढला, तसा एक नवा धोकाही आला. भारतात कुपीतले इन्शुलिन बहुतांशी एका मिलीलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे मिळते, तर अमेरिकेत १९७० च्या दशकापासून १०० युनिटांचे प्रमाण रूढ झाले. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या, पहिलीचे टोपण लाल तर दुसरीचे नारिंगी. घरून नेलेली कुपी संपली आणि तिकडच्या कुपीतले औषध इकडच्या सिरिंजने वीस युनिटांच्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात पन्नास युनिट जातात, म्हणजे अडीचपट. महिनाभराच्या भेटीत नायगारा किंवा ग्रँड कॅन्यन दाखवायला आईवडिलांना मोटारीतून शेकडो मैल नेणाऱ्या मुलांना हा फरक ठाऊक असणे, दृश्ये ठाऊक असण्याहून अधिक निकडीचे आहे.

घरात रक्तशर्करा मोजण्याच्या यंत्राने हे जुने घड्याळ सैल केले. सुरुवातीची यंत्रे केवळ डॉक्टरांना विकली जात. १९६९-७० मध्ये रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही अभियंत्याने आपली पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावावर ते सुमारे दीड किलो वजनाचे यंत्र मिळवले, स्वतःचे रक्त दिवसातून अनेकदा तपासून औषधाची मात्रा ठरवली, आणि वैद्यक नियतकालिकांनी त्याच्या निष्कर्षांकडे लक्ष दिले नाही म्हणून पुढे स्वतःच डॉक्टर झाला. १९८५ मध्ये आलेल्या इन्शुलिन पेनने सिरिंज-कुपीची जोडी खिशात मावेल इतकी लहान केली, आणि १९९६ पासून उपलब्ध झालेल्या झटपट काम करणाऱ्या इन्शुलिनमुळे जेवण समोर आल्यावर टोचून घेणे शक्य झाले. म्हणजे जेवण औषधाच्या वेळेला बांधलेले न राहता औषध जेवणाच्या वेळेला बांधता येऊ लागले, आणि गाडीतल्या इतरांनाही त्यांची भूक परत मिळाली. ही सोय अर्थात ज्यांना परवडते त्यांच्यापुरती आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले असंख्य आजही स्वस्त जुन्या गोळ्या व मिश्र इन्शुलिनवर, म्हणजे त्याच ठरलेल्या घड्याळावर, प्रवास करतात.

गेल्या दशकात दंडावर चिकटवून दोन आठवडे वापरायचे संवेदक आले. त्यांतील काही कातडीखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजून आकडा फोनवर पाठवतात, आणि तो आकडा दूरच्या नातलगालाही पाहता येतो. कोकणाच्या वाटेवर गणपतीच्या गर्दीत अडकलेल्या वडिलांची साखर उतरत असल्याची सूचना आता न्यू जर्सीतल्या मुलीला मिळू शकते आणि ती त्याच क्षणी फोन करून लिमलेटची गोळी खायला सांगू शकते. यात दिलासा आहे, तशीच टेहळणीही आहे. जेवणाच्या वेळेवरून होणारे जुने भांडण मिटते तिथे, आपल्या शरीराचा आकडा कोणाला दिसावा आणि तो पाहून बोलण्याचा अधिकार कोणाला असावा, हे नवे भांडण सुरू होते. काही रुग्ण प्रवासापुरते हे दर्शन चालू ठेवून घरी परतल्यावर बंद करतात, काही ते फक्त जोडीदारापुरते राखतात, तर काही मुलांच्या काळजीपोटी अखंड चालू ठेवून मनातल्या मनात कुढतात. या बाबतीतल्या रीतीभाती घराघरांत नुकत्या कुठे घडू लागल्या आहेत.